‘च’ लावण्याआधी : निगमन, विगमन आणि तर्कदोष ओळखायला शिकताना

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर जिभाऊंच्या कापसाची पानं लाल पडायला लागली. जिभाऊ म्हणजे माझे मोठे चुलतभाऊ. त्यांनी चार पानं खुडून सदऱ्याच्या खिशात घातली आणि तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं पान उलटून पाहिलं नाही. नुसती नजर टाकली आणि म्हणाला, “तुडतुडे पडले की पान लाल पडतं. हे पान लाल पडलंय. म्हणजे तुडतुडेच.” तुडतुडे म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषणारे बारीक किडे. जिभाऊंनी डबे घेतले, मजूर लावून फवारणी केली. पानं होती तशीच राहिली. आठवड्यानं कृषी सहायक बांधावर आले. त्यांनी पहिल्यांदा पान उलटं केलं. खाली एकही तुडतुडा नाही. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधला भाग लाल. “मॅग्नेशियम कमी पडलंय, आणि रात्रीची थंडीही सुरू झालीय,” ते म्हणाले.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. तुडतुडे पडले की पान लाल पडतं, हे खरं. पान लाल पडलं होतं, हेही खरं. मग दोन खऱ्या वाक्यांतून तिसरं खोटं निघालं कसं? या लेखात एवढंच शिकायचं आहे. मी अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र शिकवतो. पोरं हा विषय घेतात ते यात मार्क पडतात म्हणून, आणि मार्क पडले की विसरतात. त्यामुळे इथं परीक्षेचं थोडं आणि बांधावरचं, ओट्यावरचं जास्त.

पहिली पायरी : निष्कर्ष शोधा

समोरचा बोलायला लागला की आपण त्याच्या पहिल्या वाक्यावरच भांडायला उठतो. थांबा. आधी बघा, त्याला शेवटी काय पटवायचं आहे. जे पटवायचं तो निष्कर्ष. ज्याच्या जोरावर पटवायचं ती आधारविधानं. दोन्ही मिळून युक्तिवाद. एवढे तीन शब्द आले की पुढचं सगळं जमतं.

‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘म्हणजे’, ‘सबब’ यांच्या मागून निष्कर्ष येतो. ‘कारण’, ‘कारण की’, ‘ज्याअर्थी’ यांच्या मागून आधार येतात. सरकारी आदेश वाचा. ‘ज्याअर्थी’च्या चार परिच्छेदांनंतर एक ‘त्याअर्थी’ येतो, आणि आपल्याला लागू होणारं जे काही असतं ते तिथं असतं. पण बोलताना माणसं हे शब्द गाळतात, आणि निष्कर्ष आधी टाकून मोकळी होतात. “यंदा केळीला भाव राहत नाही. बऱ्हाणपूरला आवक बघा किती आहे. आणि वर उत्तरेत थंडी.” इथं पहिलंच वाक्य निष्कर्ष आहे. खात्री करायची असेल तर मनातल्या मनात मध्ये ‘कारण’ घालून बघा. बसला तर तुमचं बरोबर.

एक घोटाळा नवशिक्यांचा हमखास होतो. ‘कारण’ दिसलं की युक्तिवाद, असं ते धरतात. “तापीला पाणी वाढलं, कारण हतनूर धरणाचे दरवाजे उघडले.” यात कुणी काही पटवत नाहीये. पाणी वाढलं हे सगळ्यांनी पाहिलं आहे, फक्त ते का वाढलं ते सांगितलं. हा खुलासा झाला. आता हे बघा : “हतनूरचे दरवाजे उघडलेले दिसताहेत, कारण तापीचं पाणी एका रात्रीत वाढलंय.” दरवाजे आपण पाहिलेले नाहीत, पाण्यावरून ओळखतो आहोत. हा युक्तिवाद. शब्द जवळपास तेच, काम वेगळं. कोणती गोष्ट आधीच माहीत आहे आणि कोणती पटवायची आहे, हे विचारलं की उकल होते.

आणि न बोललेलं आधारविधान शोधा. “तो बाहेरगावचा, त्याला आपल्या पाण्याचं काय कळणार?” यात एक वाक्य गिळलेलं आहे : बाहेरगावच्या माणसाला इथल्या पाण्यातलं कळत नाही. ते गिळलेलं वाक्य कागदावर लिहा आणि मोठ्यानं वाचा. निम्मे वाद तिथंच मिटतात, कारण बोलणाऱ्यालाच ते वाक्य पटत नाही.

दुसरी पायरी : हमी दिलीय की अंदाज?

गाइडात लिहिलेलं असतं : विशेषाकडून सामान्याकडे जातं ते विगमन, सामान्याकडून विशेषाकडे येतं ते निगमन. डी.एड. केलेल्यांना हेच उद्गामी आणि अवगामी पद्धत म्हणून भेटलेलं असतं. सुरुवातीला ठीक आहे, पण हे वाक्य पाठ करून बसलात तर फसाल.

हे बघा. तापी जळगाव जिल्ह्यातून वाहते. तापी धुळे जिल्ह्यातून वाहते. तापी नंदुरबार जिल्ह्यातून वाहते. खानदेश म्हणजे हेच तीन जिल्हे. म्हणून खानदेशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून तापी वाहते. एकेका जिल्ह्याकडून ‘प्रत्येक’कडे गेलो, तरी हे निगमन आहे, कारण एकही जिल्हा शिल्लक ठेवलेला नाही. आधार खरे असतील तर निष्कर्ष खोटा असण्याला जागाच उरत नाही. उलट, “आजवरच्या प्रत्येक वैशाखात भुसावळचा पारा चाळिशी ओलांडत आलाय, येत्या वैशाखातही ओलांडेल.” इथं ‘प्रत्येक’कडून एका वैशाखाकडे आलो, तरी हे विगमन. बऱ्यापैकी पक्कं आहे, पैज लावायला हरकत नाही, पण हमी नाही.

तेव्हा खरा फरक दिशेचा नाही, वायद्याचा आहे. काट्यावर तोललेला कापूस आणि गाडीकडे बघून सांगितलेलं वजन, यात जो फरक तोच. निगमनात वायदा असा : माझे आधार खरे असतील तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे. विगमनात वायदा असा : माझे आधार खरे असतील तर निष्कर्ष बहुधा खरा आहे. दोन्ही लागतात. शेती, डॉक्टरकी, पावसाचा अंदाज, पोलीस तपास, सगळं मुख्यतः विगमनावर चालतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. घोळ होतो तो नजरेनं सांगितलेलं वजन पावतीवर लिहिलं की.

मराठीत हा घोळ पकडायला एक अक्षर पुरतं : ‘च’. तुडतुडे असतील, हा अंदाज. तुडतुडेच, ही हमी. दुकानदार “तुडतुडे असतील, घरी जाऊन पान उलटून बघा” म्हणाला असता तर त्याच्या बोलण्यात काहीच खोट नव्हती. एका ‘च’पायी जिभाऊंची फवारणी वाया गेली. ‘नक्की’, ‘शंभर टक्के’, ‘दुसरं असूच शकत नाही’ ही सगळी त्याच ‘च’ची भावंडं. ‘बहुधा’, ‘दिसतंय’, ‘असावं’, ‘शक्यता आहे’ ही विगमनाकडची.

कसोटी एकच ठेवा. सगळी आधारविधानं खरी धरा, आणि तरीही निष्कर्ष खोटा ठरेल असं एखादं चित्र डोळ्यांपुढं आणता येतं का ते बघा. नाही आलं, तर ते चोख निगमन. आलं, तर बोलणाऱ्यानं ‘बहुधा’ म्हटलं होतं की ‘च’ लावला होता ते तपासा. ‘बहुधा’ म्हटलं असेल तर चौथ्या पायरीवर जा. ‘च’ लावला असेल तर तिसरीवर.

तिसरी पायरी : निगमन असेल तर साचा तपासा

तुडतुड्यांचंच घेऊ. नियम : तुडतुडे पडले तर पान लाल पडतं. वादापुरता हा नियम पक्का धरा. त्यावरून चार उड्या मारता येतात.

तुडतुडे पडलेत, म्हणून पान लाल पडेल. बरोबर.
पान लाल पडलेलं नाही, म्हणून तुडतुडे पडलेले नाहीत. हेही बरोबर, आणि हेच माणसं सगळ्यांत कमी वापरतात.
पान लाल पडलंय, म्हणून तुडतुडे पडलेत. चूक.
तुडतुडे नाहीत, म्हणून पान लाल पडणार नाही. चूक.

तिसरी उडी दुकानदाराची. लाल पानाला दुसरीही कारणं असतात : मॅग्नेशियम, नत्राची कमतरता, थंड रात्री. चौथी उडी जिभाऊंची झाली असती. फवारलंय, आता तुडतुडा उरला नाही, मग पान हिरवंच राहणार, असं समजून ते निवांत बसले असते तर.

हे काही सातासमुद्रापलीकडून आलेलं शहाणपण नाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावरच्या धुराचं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. जिथं जिथं धूर तिथं तिथं आग, या अतूट संबंधाला ते व्याप्ती म्हणतात. पण उलटं करून ‘जिथं आग तिथं धूर’ म्हटलंत तर नैयायिक तिथंच अडवतात आणि तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढं करतात : आग आहे, धूर कुठाय? धुरासाठी आगीबरोबर ओलं जळणही लागतं, या जास्तीच्या अटीला त्यांनी उपाधी असं नाव ठेवलं. मी वर्गात लोखंडाच्या गोळ्याऐवजी भरताची वांगी आणतो, म्हणजे बोलण्यात. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजतात. काड्या ओल्या असल्या की डोळे चुरचुरतात, खडखडीत वाळलेल्या असल्या की जाळ नुसता फडफडतो, धूर नावाला. आग दोन्हीकडं आहे. एवढं सांगितलं की मागच्या बाकालाही समजतं. (आमच्या अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथं संचालक म्हणून राहून गेला. तालुक्यातल्या पोरांना हे ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.)

साचा नीट आहे की नाही ते कळत नसेल तर शब्द बदला आणि साचा तोच ठेवा. “सगळे मोठे केळीवाले ठिबक वापरतात. हा ठिबक वापरतो. म्हणजे हा मोठा केळीवाला आहे.” ऐकायला बरं वाटतं. आता त्याच साच्यात : सगळ्या म्हशींना शिंगं असतात. बैलाला शिंगं आहेत. म्हणजे बैल म्हैस आहे. संपलं. शास्त्रात याला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, म्हैस विसरू नका.

साचा नीट असणं आणि गोष्ट खरी असणं, ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. भारतातल्या सगळ्या मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात. तापी मोठी नदी आहे. म्हणून तापी पूर्वेला वाहते. साचा निर्दोष आहे, फक्त तापी पश्चिमेला सुरतेकडं जाते. पहिलं आधारविधान खोटं, म्हणून निष्कर्ष गडबडला. युक्तिवाद ‘वैध’ आहे असं म्हणतो तेव्हा आपण फक्त साच्याला पास करत असतो. स्पर्धा परीक्षेच्या ‘विधाने व निष्कर्ष’ प्रश्नांत पोरांचे मार्क इथंच जातात. “सर, सगळ्या खुर्च्या आंबे कसे असतील?” असतील, पेपर संपेपर्यंत. दिलेलं विधान खरं धरायचं आणि फक्त साचा बघायचा.

चौथी पायरी : विगमन असेल तर मूठ कुठून भरली ते विचारा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे, आणि पुस्तकांत तिला सगळ्यांत कमी पानं मिळतात.

शितावरून भाताची परीक्षा, ही आपली विगमनाची म्हण. भाताला ती लागू पडते, कारण पातेल्यात पाणी आणि वाफ सगळीकडं सारखी पोचते. कापसाच्या गाडीला लागू पडत नाही. जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यावर, कधी उभे राहून बघा. गाडी आली की ग्रेडर वरचा कापूस हातात घेतच नाही. बाही वर सारतो आणि कोपरापर्यंत हात आत खुपसतो. एकदा पुढून, एकदा फाळक्याजवळून, एकदा तळातून. मूठ दाबतो, सोडतो, फुलते की गोळा होऊन बसते ते बघतो, मग ओलावा मोजायचं यंत्र लावतो. का? कारण वर वाळलेला आणि खाली दवात वेचलेला भरून आणलेल्या गाड्या त्यानं पाहिल्यात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढं कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर माल परत. तेव्हा मूठ कुठून भरली यावर शेतकऱ्याचा दिवस ठरतो. त्या ग्रेडरनं तर्कशास्त्राचं पान उलटलेलं नसेल, पण त्याला हे माहीत आहे : चार मुठी चार ठिकाणच्या असतील तर त्या एकाच ठिकाणच्या चाळीस मुठींना भारी पडतात.

तुम्हीही तेच विचारा. किती बघितलं? कुठून बघितलं? कुणी निवडून दिलं? जे दिसलं नाही ते कुठं गेलं?

शेवटचा प्रश्न बॅनरला लावा. आमच्याकडं पोरगा फौजदार झाला की चौकात बॅनर लागतो, सत्कार होतो, आणि सत्कारात तो सांगतो : “रोज बारा तास अभ्यास केला, मोबाइल बंद ठेवला, म्हणून झालो.” समोर बसलेली शंभर पोरं निष्कर्ष काढतात की बारा तास अभ्यास केला की फौजदार होतो. पण बारा तास अभ्यास करून न झालेल्याचा बॅनर लागत नाही. तो त्याच गर्दीत मागं उभा असतो, त्याला कुणी माइक देत नाही. अभ्यासाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये. बॅनर मोजून किती उपयोग आहे ते कळत नाही, एवढंच म्हणतोय.

आता बोंडअळीचं सांगतो, कारण खानदेशानं विगमनाची सगळ्यांत महाग शिकवणी त्यातून घेतली. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, आपल्याकडं २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीजी-२ वाण २००६ मध्ये आलं. त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा; अळीसाठी फवारणीवर फवारणी. बीटी आलं आणि बोंडं स्वच्छ निघायला लागली. एक हंगाम, दोन, पाच, आठ. गावोगाव वाक्य ठरलं : बीटीला बोंडअळी येतच नाही. बघा, ‘च’ आला. त्या ‘च’वर विसंबून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत कडेनं लावायला दिलेलं १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं लोक फेकून द्यायला लागले. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता राखलेला कापूस, मार्चपर्यंत उभी ठेवायला लागले. म्हणजे अळीला वर्षभर खायची सोय, आणि बीटीला सरावलेल्या अळ्यांत न सरावलेल्यांची भेसळ करणारी कडेची ओळ गायब. २०१७ च्या हंगामात फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसली, यालाच डोमकळी म्हणतात; वरून चांगली दिसणारी कैरी, म्हणजे हिरवं बोंड, फोडली की आत गुलाबी अळी. त्या वर्षी महाराष्ट्रभर हाहाकार झाला.

यात गावकरी मूर्ख होते असं कुणी म्हणू नये. अनेक वर्षांचा, हजारो एकरांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. विगमनाला एवढा माल क्वचित मिळतो. पण तो सगळा अनुभव एकाच परिस्थितीतला होता, आणि निष्कर्षावर विसंबून आपण जे वागलो त्यानंच ती परिस्थिती बदलली. म्हणून विगमनाला पाचवा प्रश्न : ज्या परिस्थितीत हे पाहिलं, ती अजून तशीच आहे का?

आखाजीची घागर हा याच पायरीचा गोड भाग. आमच्या घरी अक्षय्य तृतीयेला चार ढेकळांवर घागर मांडतात, एकेक ढेकूळ पावसाच्या एकेका महिन्याचं. जे जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जोराचा. आजी दरवर्षी सांगायची, “घागर चुकत नाही.” मी कॉलेजात असताना कोठीच्या भिंतीवर कोळशानं लिहायला लागलो : घागरीनं काय सांगितलं, पाऊस कसा झाला. तेव्हा लक्षात आलं की जुळलेलं वर्ष प्रत्येक लग्नात निघतं, न जुळलेलं कुणाच्या तोंडून निघत नाही. आजीनं काही लपवलं नव्हतं, तिला खरोखरच जुळलेली वर्षं तेवढी आठवायची. घागर मी अजूनही मांडतो. पुरणपोळी आणि रस त्या दिवशीच चांगला लागतो. पेरणी मात्र ओल बघून करतो.

पाचवी पायरी : ओट्यावरचे तर्कदोष

तर्कदोषांच्या पन्नास-शंभर नावांच्या याद्या मिळतात. पाठ करू नका. यादी पाठ केलेला माणूस ओट्यावर बसण्यालायक राहत नाही. दुसऱ्यानं तोंड उघडलं की नाव फेकून मारतो. बहुतेक दोषांना आपल्याकडं आधीच म्हणी आहेत, त्या पुरतात.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आधी झालं ते कारण, मागून झालं ते कार्य, असं धरणं. संस्कृतात काकतालीय न्याय तो हाच. नवा सरपंच आला आणि पाऊस गेला. ताप आला, ताईत बांधला, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. साधा विषाणूचा ताप तसाही तीन-चार दिवसांत उतरतो, ताईत असो वा नसो. ताईत न बांधलेल्यांचं काय झालं, एवढं विचारलं की पुरे.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे घाईचं सामान्यीकरण. एक ठेकेदार पैसे बुडवून गेला की, “बठ्ठा सारखाच शेतस,” म्हणजे सगळे सारखेच आहेत. अहिराणीत ‘बठ्ठा’ एवढा भारदस्त वाटतो की विरोध करायची हिंमत होत नाही. विचारावं, किती पाहिले?

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : मुद्दा गावच्या पाण्याचा, उत्तर मंदिराच्या रंगाचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं : नियम एकच, पण आपल्याला सूट. ही दोन ओळखायला शिकवावी लागत नाहीत.

बुजगावण्याला थोडा वेळ देतो, कारण शिकलेली माणसं हा दोष जास्त करतात. गेल्या मार्चात जिभाऊ चौकात म्हणाले, “विहिरींचं पाणी उतरलंय, यंदा उन्हाळी बागायत थोडी कमी करू या.” समोरून उत्तर आलं, “म्हणजे आम्ही शेती सोडून पुण्याला हमाली करायची का?” जिभाऊ शेती सोडा म्हणाले नव्हते. पण त्यांच्या म्हणण्याला सदरा चढवून, वर मडकं ठेवून शेतात उभं केलं आणि त्या मडक्याला दगड मारले. गंमत अशी की जिभाऊही मग त्या मडक्याचाच बचाव करायला लागले, आणि अर्धा तास पुण्याच्या हमालीवर भांडण झालं. तुमचं बुजगावणं कुणी उभं केलं तर त्याला राखत बसू नका. आपलं मूळ वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत म्हणा.

त्याच भांडणात दुसरं वाक्य आलं : “तू सोता तमाखू खास, आनि माले सांगस!” म्हणजे तू स्वतः तंबाखू खातोस आणि मला सांगतोस. तंबाखू खाणाऱ्यानं सांगितलं म्हणून तंबाखू वाईट असल्याचं खोटं ठरत नाही. पण इथं एक पोटकलम आहे. साक्षीदार खोटं बोलतो अशी त्याची ख्याती असेल, आणि आपण त्याच्या नुसत्या शब्दावर विसंबत असू, तर माणसाकडं बघणं हा दोष नव्हे. युक्तिवाद सगळ्यांपुढं मांडलेला असेल तेव्हा माणूस बाजूला ठेवा. नुसती साक्ष असेल तेव्हा माणूस बघा. तज्ज्ञाचंही तसंच. कापसाच्या किडीवर कीटकशास्त्रज्ञाचा शब्द घेणं शहाणपणाचं, बियाण्याच्या पाकिटावरच्या नटाचा घेणं नव्हे. आणि कीटकशास्त्रज्ञाचा शब्दही पोरीच्या स्थळाबाबत घेऊ नये.

बाकीचे भराभर. “एकतर केळी लाव, नाहीतर जमीन वीक” हा खोटा पेच. मधल्या वाटा झाकलेल्या असतात, त्या मोजा. “बुवा खोटं बोलत नाहीत; कारण ते स्वतःच तसं म्हणतात” हे घाण्याच्या बैलासारखं गोल फिरणं. “सगळं गाव हेच वाण लावतंय” यावरून गाव काय करतंय ते कळतं, वाण कसं आहे ते नाही. आणि शब्दाचा अर्थ मध्येच पलटणं : देव भावाचा भुकेला, आणि यंदा कापसाला भाव नाही, म्हणून देव उपाशी. हसू आलं म्हणजे दोष सापडला.

दोष सापडला की त्याचं नाव घेऊ नका, प्रश्न विचारा. “हा अमुक तर्कदोष आहे” म्हटलं की समोरचा दुखावतो आणि आणखी चार दोष करतो. “पान उलटून बघितलं का?” म्हटलं की तो पान उलटतो.

सहावी पायरी : वही

एका दुरेघी वहीत रोज एक युक्तिवाद लिहा. पेपरातला, एसटीतला, व्हॉट्सॲपवर फिरत आलेला, शक्यतो आपल्या बाजूच्या माणसाचा. विरोधकाच्या चुका तशाही दिसतात. निष्कर्ष, आधार, गिळलेलं वाक्य, हमी की अंदाज, आणि मग साचा किंवा मूठ. पंधरा दिवसांत हात बसतो.

वहीत एक गोष्ट विसरू नका. युक्तिवाद सदोष निघाला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असं नाही. दुकानदाराचा साचा मोडका होता, पण जिभाऊंच्या शेतात तुडतुडे असूही शकले असते. तेव्हाही साचा मोडकाच राहिला असता. दोष दाखवून एवढंच सिद्ध होतं की या आधारांवर इतकी खात्री मिळत नाही. खरं काय ते मग जाऊन बघावं लागतं.

माझ्या वहीतलं एक ताजं पान देतो, जसंच्या तसं.

निष्कर्ष : पंचायतीच्या बोअरमुळेच आपली विहीर आटली. (जिभाऊ.)
आधार : बोअर माघात झाला. विहीर चैत्रात आटली. आधीच्या उन्हाळ्यात आटली नव्हती.
गिळलेलं वाक्य : मध्ये दुसरं काही बदललं नाही.
हमी की अंदाज : हमी. ‘च’ आहे.
तपास : यंदा पाऊस कमी होता. जिभाऊंनी स्वतः दीड एकर केळी वाढवली, हे ते सांगायचे विसरले. शेजारच्या तीन विहिरी बघितल्या. बोअरच्या जवळच्या दोन आटल्यात, नाल्यापलीकडची आटलेली नाही. पण नाल्यावर बंधारा आहे, तेव्हा पलीकडची मूठ वेगळ्या गाडीतली.
आत्ताचं मत : बोअरचा हात असावा. ‘च’ नाही. पावसाळ्यानंतर चारही विहिरींत दर अमावास्येला दोरी सोडून पाणी मोजायचं, बोअर किती तास चालला तेही लिहायचं. दोरीला हातहातावर गाठी मारून ठेवल्यात. जिभाऊ म्हणाले, मोजायला मीच येतो, तुझ्यावर भरवसा नाही.